निवड एका संध्याकाळची, घडण पाच वर्षांची : माँट्रियलचे तरुण हॉकीपटू

७ जुलै २०२२ च्या संध्याकाळी माँट्रियल शहरातल्या बेल सेंटर या क्रीडागृहात हजारो लोक एका नावाची वाट पाहत होते. त्या दिवशी ड्राफ्ट होता, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवोदित खेळाडूंची क्रमाक्रमाने निवड करण्याचा वार्षिक सोहळा. पहिल्या निवडीचा मान यजमान माँट्रियल कॅनेडियन्स संघाकडे आला होता, आणि पहिला क्रमांक कॅनडाच्याच शेन राइटला मिळणार असे बरीच वर्षे जवळपास गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात पुकारले गेले ते युराय स्लाफकोव्स्की हे नाव. हा स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरातला धिप्पाड मुलगा. त्याच वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी सात सामन्यांत सात गोल करून तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. राइट चौथ्या क्रमांकापर्यंत घसरला आणि सिएटल क्रॅकन संघाकडे गेला. दोघेही तेव्हा अठरा वर्षांचे होते. या दोघांची पुढची तीन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर संघाची पुनर्बांधणी म्हणजे नेमके काय असते आणि कोवळ्या खेळाडूला व्यावसायिक खेळात कसे वाढवले जाते, हे बरेचसे उलगडते.

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मैदानावरची हॉकी येते. इथे विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे. तिची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. तीत ३२ संघ आहेत, प्रत्येक संघ हंगामात ऐंशीहून अधिक साखळी सामने खेळतो आणि त्यांतले १६ संघ स्टॅनली चषकाच्या बाद फेरीत जातात. एका सामन्यात संघाचे वीस खेळाडू उतरतात, दोन गोलरक्षक आणि अठरा स्केटर. हे स्केटर सलग खेळत नाहीत. पाऊण मिनिटाच्या आसपास जीव तोडून खेळायचे, बाकावर परतायचे आणि पुढच्या पाळीची वाट पाहायची, असे सामनाभर चालते. त्यामुळे तरुण खेळाडूबद्दल बोलताना तो संघात आहे की नाही याइतकेच महत्त्व तो किती मिनिटे खेळतो, कोणाबरोबर खेळतो आणि सामन्याच्या कोणत्या प्रसंगी त्याला बर्फावर पाठवले जाते, या गोष्टींना असते.

माँट्रियलवर ही वेळ का आली, हे थोडक्यात सांगायला हवे. २४ वेळा स्टॅनली चषक जिंकलेला, एनएचएलमधला सर्वांत यशस्वी असा हा संघ, पण त्याचा शेवटचा चषक १९९३ चा. जुलै २०२१ मध्ये तो अनपेक्षितपणे अंतिम फेरीत पोहोचला आणि हरला, आणि पुढच्याच हंगामात कोसळून गुणतालिकेत ५५ गुणांसह तळाला गेला. हंगामाच्या मध्यात व्यवस्थापन बदलले. आधी जेफ गॉर्टन हॉकी विभागाचे प्रमुख म्हणून आले. जानेवारी २०२२ मध्ये केंट ह्यूज जनरल मॅनेजर झाले, जे तोवर खेळाडूंचे एजंट म्हणून काम करत होते. फेब्रुवारीत मार्टिन सेंट लुई मुख्य प्रशिक्षक झाले. एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा असते, त्यामुळे श्रीमंत मालकालाही पैसे ओतून एका उन्हाळ्यात संघ उभा करता येत नाही. मग एकच मार्ग उरतो. तिशीच्या आसपासचे उपयुक्त खेळाडू इतर संघांना देऊन त्यांच्या बदल्यात भविष्यातल्या ड्राफ्टच्या निवडी घ्यायच्या, काही वर्षे हरायचे आणि त्या काळात आपली मुले वाढवायची. हरणाऱ्यांना ड्राफ्टमध्ये आधीचा क्रमांक मिळतो, मात्र मुद्दाम हरण्याचा मोह फार होऊ नये म्हणून पहिल्या दोन क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. २०२२ ची सोडत माँट्रियलच्या बाजूने लागली.

या व्यवहारांतला एक मला विशेष शिकवणारा वाटतो. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅल्गरी संघाला पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. माँट्रियलने त्यांचा दुखापतग्रस्त आणि महागडा शॉन मोनाहन स्वतःकडे घेतला, आणि हे ओझे उचलल्याबद्दल वर पहिल्या फेरीतली एक निवडही मिळवली. मोनाहन पुढे तंदुरुस्त झाला, चांगला खेळला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला विनिपेगला देऊन माँट्रियलने पहिल्या फेरीतली आणखी एक निवड घेतली. पुनर्बांधणी करणाऱ्या संघाकडे विकण्यासारखी एक गोष्ट नक्की असते, ती म्हणजे रिकामी जागा. पगारपत्रकातली जागा इतर संघांना विकता येते, आणि संघातली जागा आपल्या मुलांना देता येते. या दुसऱ्या जागेचा प्रश्न पहिल्यापेक्षा फार अवघड आहे.

ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत दरवर्षी सुमारे सव्वादोनशे मुले निवडली जातात. त्यांतली अगदी थोडी त्याच वर्षी एनएचएलमध्ये खेळतात आणि बाकीची जिथून आली तिथे परत जातात. ही ठिकाणे ढोबळमानाने तीन. कॅनडातल्या ज्युनिअर लीग, अमेरिकेतली विद्यापीठे आणि युरोपातले व्यावसायिक संघ. या सर्वांच्या आणि एनएचएलच्या मध्ये एक पायरी आहे, ती अमेरिकन हॉकी लीग म्हणजे एएचएल. एनएचएलच्या प्रत्येक संघाचा एएचएलमध्ये एक जोडसंघ असतो. तिथे पंचविशीतले, तिशीतले कसलेले खेळाडू असतात, हंगामात ७२ सामने होतात, आणि कोवळ्या मुलाला प्रथमच कळते की समोरचा माणूस पोट भरण्यासाठी खेळतो आहे. मुंबईच्या गुणी फलंदाजाला रणजीच्या सामन्यांत जो अनुभव येतो, त्याच जातीचा हा अनुभव.

आता मुख्य गाठ. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून निवडलेल्या मुलाला वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत किंवा ज्युनिअरमध्ये चार हंगाम होईपर्यंत एएचएलमध्ये पाठवता येत नाही, असा त्या लीगचा आणि एनएचएलचा वर्षानुवर्षांचा करार आहे. ज्युनिअर संघांचे उत्पन्न त्यांच्या ताऱ्यांवर चालते, ते तारे दोन वर्षे आधीच निघून गेले तर प्रेक्षक कोणासाठी येणार, हा त्यामागचा हिशेब. परिणामी अशा मुलापुढे दोनच दारे असतात : एकतर जगातली सर्वांत कठीण लीग, नाहीतर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा खेळ, जो त्याला आता सोपा झालेला असतो. युरोपातल्या संघातून निवडलेल्या मुलाला मात्र ही आडकाठी नाही, तो अठराव्या वर्षीच एएचएलमध्ये खेळू शकतो. २०२५ मध्ये ठरलेल्या नव्या कामगार करारात एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी हा नियम थोडा सैल करण्याचे मान्य झाले आहे, परंतु २०२२ मध्ये तो पुरता कडक होता. फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या संघाकडून आलेल्या स्लाफकोव्स्कीसाठी मधली पायरी मोकळी होती. ऑन्टारिओच्या ज्युनिअर लीगमधून आलेल्या राइटसाठी ती बंद होती.

त्यामुळे राइटचे पहिले वर्ष कसे गेले ते पाहण्यासारखे आहे. हंगामाच्या सुरुवातीला तो सिएटलमध्येच राहिला, पण सामन्याला मोजकी मिनिटे मिळत आणि कित्येकदा तीही नाहीत. लागोपाठ काही सामने बाहेर बसल्यावर नियमातली एक फट कामी आली. खेळापासून दूर राहिलेल्या खेळाडूला सरावासाठी दोन आठवड्यांपर्यंत एएचएलमध्ये पाठवता येते. तिथे पाच सामन्यांत त्याने चार गोल केले. परत आल्यावर ६ डिसेंबर २०२२ रोजी त्याने एनएचएलमधला पहिला गोल नोंदवला, आणि योगायोग असा की तो माँट्रियलच्याच विरुद्ध होता. मग तो कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत कॅनडाचा कर्णधार म्हणून खेळला, आणि तिथून त्याला एनएचएलमध्ये परत न नेता ज्युनिअर लीगमध्ये धाडण्यात आले. एका हंगामात एनएचएल, एएचएल, राष्ट्रीय संघ आणि ज्युनिअर लीग, आणि ज्युनिअरमध्येही संघ बदललेला. एनएचएलचे त्याचे सामने झाले आठ.

हा आठचा आकडा आपोआप आलेला नाही. ड्राफ्टमधून आलेल्या अठरा वर्षांच्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्याचा मूळ पगार नियमाने मर्यादित असतो. २०२२ मध्ये निवडलेल्या मुलांसाठी ही मर्यादा वर्षाला साडेनऊ लाख डॉलर होती, बोनस वेगळा. नावाजलेला खेळाडू सत्तर-ऐंशी लाख घेत असताना हे दर संघाच्या दृष्टीने अतिशय स्वस्त, म्हणून ही तीन वर्षे संघासाठी मौल्यवान असतात. खेळाडू अठरा किंवा एकोणीस वर्षांचा असेल आणि त्या हंगामात एनएचएलचे दहा सामने पूर्ण करत नसेल, तर ते वर्ष करारात धरलेच जात नाही आणि करार एक वर्षाने पुढे सरकतो. म्हणूनच दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस कोणा ना कोणा मुलाचा नववा सामना जवळ येतो आणि त्याच्या संघाला मन पक्के करावे लागते. दुसरेही एक घड्याळ चालू असते. सात हंगाम पूर्ण केलेला किंवा सत्तावीस वर्षांचा झालेला खेळाडू कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. म्हणजे अठराव्या वर्षी पूर्ण हंगाम खेळवला, तर तो पंचविशीत, ऐन भरात असताना, हातून निसटू शकतो. ज्या वर्षी संघ तसाही हरणार आहे, त्या वर्षासाठी पुढचे एक चांगले वर्ष खर्च करावे का, हा प्रश्न कागदावर सोपा दिसतो.

माँट्रियलने स्लाफकोव्स्कीच्या बाबतीत कागदाचे ऐकले नाही. लावालला, म्हणजे आपल्या एएचएल संघाकडे, पाठवण्याची मुभा असतानाही त्याला मुख्य संघात ठेवले. पहिल्या हंगामात तो ३९ सामने खेळला, चार गोल केले, सहा गोलांना साहाय्य दिले, आणि जानेवारी २०२३ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने हंगाम संपला. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूकडून ही कामगिरी फारच तोकडी होती, आणि शहरात टीकेचा गदारोळ उठला. त्या टीकेला एक ताजी जखमही कारणीभूत होती. २०१८ मध्ये याच संघाने फिनलंडच्या येस्पेरी कोटकानिएमीला तिसऱ्या क्रमांकावर निवडले होते आणि अठराव्या वर्षीच ७९ सामने खेळवले होते. पहिल्या वर्षी ३४ गुण मिळवून त्याने आशा उंचावल्या (खेळाडूचे गोल आणि साहाय्य मिळून त्याचे गुण होतात, संघाचे तालिकेतले गुण वेगळे). दुसऱ्या वर्षी त्याचा खेळ ढासळला, त्याला लावालला जावे लागले, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात कॅरोलायना संघाने ६१ लाख डॉलरचा एक वर्षाचा करार पुढे करून त्याला नेले. तो वाईट खेळाडू ठरला असे नव्हे, तो आजही एनएचएलमध्ये आहे. पण मुलाला घाईने वर आणले आणि मग त्याला शिकवायचे कोणी हेच ठरवले नाही, अशी बोच अनेकांच्या मनात राहिली. स्लाफकोव्स्की लावालऐवजी माँट्रियलमध्येच राहिला तेव्हा लोकांना तीच गोष्ट पुन्हा घडताना दिसू लागली.

मला वाटते, वर ठेवावे की खाली पाठवावे या वादात खरा प्रश्न हरवून जातो. तो मुलगा दिवसभर काय करतो आहे, आणि चुकल्यावर त्याच्याशी कोण बोलते आहे, हे पाहायला हवे. स्लाफकोव्स्कीची मोठी अडचण कठड्यालगत दिसत असे. बर्फाच्या चौकटीभोवती छातीएवढा कठडा आणि त्यावर काच असते. आपल्या अर्ध्या भागात बचावपटू पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, कठड्याला घासून पुढे सरकवतो, आणि तिथे उभ्या असलेल्या आघाडीच्या खेळाडूने तो अडवून मधल्या सहकाऱ्याकडे द्यायचा असतो. काम दिसते क्षुल्लक. पण पक येतो तेव्हा त्याची पाठ मैदानाकडे असते आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू त्याच्या अंगावर वेगाने चालून येत असतो. युरोपात बऱ्याच ठिकाणी बर्फाची चौकट एनएचएलपेक्षा रुंद असते. एनएचएलमध्ये ती साधारण २६ मीटर, त्यामुळे धडक अर्धा क्षण आधी येते. कसलेला खेळाडू पक पोहोचण्यापूर्वीच दोनदा खांद्यावरून मागे पाहून घेतो, आणि पक येईपर्यंत तो कुठे द्यायचा हे त्याचे ठरलेले असते. स्लाफकोव्स्की आधी पकाकडे पाही, तो ताब्यात घेई, मग मान वर करी. तोवर उशीर झालेला असे. समवयस्कांत आपल्या ताकदीवर हा उशीर त्याला खपवून नेता येई, इथे त्याला सणसणीत धडका बसू लागल्या.

ही सवय सामन्यात मोडत नाही, कारण सामन्यात माणूस जुन्या सवयीवरच चालतो. ती मोडण्यासाठी माँट्रियलने २०२२ मध्येच कौशल्यविकासाचा स्वतंत्र विभाग उभा करून अ‍ॅडम निकोलस यांना त्याचा प्रमुख केले. अशा विभागाचे काम कंटाळवाणे असते, आणि ते तसेच असायला हवे. सामन्यातल्या आपल्याच चित्रफितीचे पाच-दहा सेकंदांचे तुकडे खेळाडूसोबत पाहायचे, मान कधी वळली हे थांबवून दाखवायचे, मग बर्फावर तीच स्थिती पुन्हा पुन्हा उभी करायची. एनएचएलच्या हंगामात दर एक-दोन दिवसांनी सामना आणि त्यात विमानप्रवास असल्यामुळे सरावाला वेळ फार थोडा मिळतो, म्हणून जखमी खेळाडूचे महिने एका अर्थाने कामी येतात. प्रशिक्षक सेंट लुई हेही या कामाला साजेसे गृहस्थ होते. पाच फूट आठ इंच उंचीच्या या खेळाडूला ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते, कॅल्गरीने सोडून दिले होते, आणि नंतर त्याने टँपा बे संघाकडून २००४ मध्ये स्टॅनली चषकही जिंकला आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट चषकही. मुख्य प्रशिक्षक होण्याआधी त्यांनी व्यावसायिक संघाला कधीच प्रशिक्षण दिले नव्हते, शिकवली होती ती लहान मुले. मोठ्या अपेक्षेच्या वर्षी हे उणे ठरले असते. हरायच्या वर्षी ते बहुधा पथ्यावर पडले.

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाही स्लाफकोव्स्कीच्या नावावर गोल फारसे लागत नव्हते, पण कठड्यालगतचे त्याचे पक हरवणे कमी झाले होते. त्यानंतर त्याला कर्णधार निक सुझुकी आणि कोल कॉफिल्ड यांच्यासोबत पहिल्या फळीत कायम करण्यात आले. आधी भाकरी, मग तूप, असा तो क्रम होता. पहिल्या फळीत जागा मिळाल्यामुळे तो सुधारला की सुधारल्यामुळे जागा मिळाली, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येईल. २०२३-२४ च्या त्या हंगामात तो सर्व ८२ सामने खेळला, २० गोल आणि ३० साहाय्य मिळून ५० गुण झाले, आणि त्याच उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी वर्षाला ७६ लाख डॉलर दराने आठ वर्षांचा करार केला. राइटची वाट वेगळी राहिली. कोविडमुळे ऑन्टारिओची लीग २०२०-२१ मध्ये एकही सामना न होता रद्द झाली होती, म्हणून त्याला खास सवलत देऊन २०२३-२४ मध्ये एकोणिसाव्या वर्षीच एएचएलमध्ये खेळू दिले गेले. तिथे एक सलग, निवांत वर्ष मिळाले. ५९ सामन्यांत ४७ गुण झाले, आणि त्यापुढच्या हंगामात तो सिएटलचा नियमित खेळाडू बनून ४४ गुणांपर्यंत पोहोचला. मुलगा तोच. मधली पायरी हवी तेव्हा मिळाली नाही म्हणून एक वर्ष गेले, ती मिळाल्यावर बरेचसे सुरळीत झाले.

कॉफिल्डचे उदाहरण थोडे वेगळे आहे आणि त्यात कौशल्याचा प्रश्नच नव्हता. हा २०१९ चा पंधराव्या क्रमांकाचा खेळाडू गोल करण्यासाठीच जन्मल्यासारखा, पण २०२१-२२ च्या पडझडीत पहिल्या ३० सामन्यांत त्याच्या नावावर एकच गोल होता आणि मध्यंतरी त्याला लावालची वारीही करावी लागली. सेंट लुई आल्यावर उरलेल्या ३७ सामन्यांत त्याने २२ गोल केले. नवे प्रशिक्षक ठरावीक साच्यात उभे राहण्यापेक्षा प्रसंग ओळखून जागा शोधण्यावर भर देत, आणि स्वतः ठेंगणे असल्यामुळे ठेंगण्या खेळाडूने धिप्पाड बचावपटूंच्या मधून कुठे उगवायचे हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. एका हंगामातल्या आकड्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे, आणि नेमबाजाचे नशीबही फिरते. तरीही इतका फरक निव्वळ नशिबाचा मानणे मला कठीण जाते.

लेन हटसनला तर घाई कोणालाच नव्हती, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडले. २०२२ मध्येच, स्लाफकोव्स्कीनंतर तब्बल ६० नावे पुकारली गेल्यावर, दुसऱ्या फेरीत हा लहानखुरा बचावपटू निवडला गेला. तो बोस्टन विद्यापीठात गेला. अमेरिकन विद्यापीठांत वर्षाला चाळिसेक सामने असतात, तेही बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी, त्यामुळे उरलेला आठवडा सराव आणि व्यायामशाळेसाठी मोकळा असतो. अंगाने अजून भरायच्या मुलाला याहून चांगली सोय नाही, आणि त्या काळात संघाच्या कराराचे घड्याळही सुरू झालेले नसते. दोन वर्षे तिथे गाजवून तो एप्रिल २०२४ मध्ये माँट्रियलला आला, आणि २०२४-२५ च्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याने ६६ गुण मिळवले. त्यांतली ६० साहाय्ये होती, आणि नवोदित बचावपटूच्या साहाय्यांच्या १९८०-८१ पासूनच्या विक्रमाशी ही बरोबरी होती. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक त्यालाच मिळाला. २०२५ च्या शरद ऋतूत त्याच्याशीही आठ वर्षांचा करार झाला, वर्षाला ८८.५ लाख डॉलरचा.

लावालबद्दल आणखी थोडे सांगायला हवे, कारण भूगोलाचाही या विषयाशी संबंध आहे. २०१७ पूर्वी माँट्रियलचा एएचएल संघ काही काळ न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्समध्ये होता, तिथून खेळाडू बोलवायचा म्हणजे विमानाची वेळ पाहावी लागे. लावाल माँट्रियलच्या शेजारी, नदीपलीकडे आहे. सकाळी तिथे सराव केलेला मुलगा संध्याकाळी गाडीने येऊन बेल सेंटरमध्ये खेळू शकतो, आणि व्यवस्थापनातली मंडळी त्याचा सामना हवा तेव्हा जाऊन पाहू शकतात. गोलरक्षकांच्या बाबतीत ही पायरी जवळपास सक्तीचीच म्हणावी, कारण ते उशिरा पिकतात. याकुब दोबेश २०२० मध्ये पाचव्या फेरीत निवडला गेला, विद्यापीठात आणि लावालला खेळला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पदार्पणातच गतविजेत्या फ्लोरिडाला एकही गोल करू दिला नाही.

मुलांच्या संघात चार-दोन जुनी माणसे मुद्दाम ठेवली जातात, यावर बाहेरच्यांचा बहुधा विश्वास बसत नाही. बचावपटू डेव्हिड साव्हार याला विकून माँट्रियलला आणखी एक-दोन निवडी मिळवता आल्या असत्या. त्याला ठेवले, कारण केडन गुली, आर्बर जेकाय यांच्यासारख्या नवख्या बचावपटूंच्या बाजूला उभे राहून पकापुढे छाती करणारा, स्टॅनली चषक जिंकलेला माणूस हवा होता. तो २०२५ मध्ये निवृत्त झाला. सगळेच तरुण भरले की काय होते, याचे उदाहरण एडमंटनने घालून दिले आहे. २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षे पहिल्या क्रमांकाचा खेळाडू मिळवूनही तो संघ २००६ नंतर दहा हंगाम बाद फेरीच्या बाहेर राहिला, आणि त्या काळात प्रशिक्षक एकामागून एक बदलत गेले. २०१२ चा पहिला खेळाडू नेल याकुपोव्ह सुरुवातीच्या ४८ सामन्यांत १७ गोल करूनही पुढे चार वर्षांत तिथून बाहेर पडला. याच संघाने २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या लिऑन ड्रायझाइटलला ३७ सामन्यांत केवळ दोन गोल झाल्यावर ज्युनिअर लीगमध्ये परत पाठवले. करारातले एक वर्ष वाया गेले, तरीही पाठवले. तो तिथे मनसोक्त खेळला, पुढच्या हंगामात परतून ७२ सामन्यांत ५१ गुण मिळवले, आणि २०२० मध्ये हार्ट चषक जिंकला. एकाच घरात दोन मुले, एकाला ओढत नेले आणि एकाला दोन पावले मागे घेऊ दिले.

अर्थात घडवलेला प्रत्येक मुलगा आपल्याच संघात खेळणार असेही नसते. ठरावीक वर्षे किंवा सामने झाले की तरुणाला खाली पाठवताना तो आधी सर्व संघांपुढे ठेवावा लागतो आणि कोणीही त्याला फुकट उचलू शकते. त्या मुदतीच्या आत निर्णय झालेला बरा. बचावपटू जस्टिन बॅरनची जागा पक्की होत नव्हती, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये त्याला नॅशव्हिलला देऊन अनुभवी अलेक्झांद्र कारिये आणला गेला. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सकडून नोआ डॉबसन घेताना माँट्रियलने पहिल्या फेरीतल्या दोन निवडी आणि स्वतः वाढवलेला एमिल हाइनेमन दिला. त्या दोन निवडींतली एक मोनाहनचे ओझे उचलल्याबद्दल मिळालेली होती. तीन वर्षांपूर्वी विकलेली रिकामी जागा अशी एका तयार बचावपटूच्या रूपाने परत आली.

काही मुले मात्र संघाच्या हाताबाहेरच वाढतात. २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला इव्हान देमिदोव्ह सेंट पीटर्सबर्गच्या संघाशी करारबद्ध होता, आणि रशियन लीगशी एनएचएलचा खेळाडू सोडवून आणण्याबाबत कोणताही करार नाही. तिथे कधी त्याला भरपूर खेळवत, कधी मोजकी मिनिटे देऊन बाकावर बसवत, आणि माँट्रियलला ते दुरून पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते. तरीही त्याने ६५ सामन्यांत ४९ गुण जमवले. एप्रिल २०२५ मध्ये तो मोकळा झाला, थेट माँट्रियलला आला आणि शिकागोविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने एक गोल आणि एक साहाय्य नोंदवले. त्याच आठवड्यात संघाने ९१ गुणांसह बाद फेरी गाठली, आणि पुढे तिथली पहिलीच मालिका वॉशिंग्टनविरुद्ध पाच सामन्यांत गमावली. तेव्हापासून माँट्रियलची अडचण उलट्या बाजूची झाली आहे. २०२२ मध्ये अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवसापासून जागा देता येत होती, कारण जागा रिकामी होती. आता २०२३ च्या पाचव्या क्रमांकाचा, गुडघ्याच्या दुखापतीतून सावरलेला ऑस्ट्रियाचा बचावपटू डेव्हिड राइनबाखर लावालमधून वर यायचा, तर त्याच्यापुढे हटसन, गुली आणि डॉबसन उभे आहेत.